हातलावीचं वळण

सकाळची पॅसेंजर सावरे स्टेशनात टेकली की बाहेर उंबरमाळची एसटी उभीच असते. खाली सावरी नदी, पलीकडच्या काठाने रेल्वेचे रूळ, अलीकडून घाटरस्ता. नदीकडची खिडकी मिळाली तर दिवसाचं सोनं. अकराव्या वळणावर मात्र बस थांबते. तिथे ना गाव, ना टपरी. कंडक्टर उठतो, थेट मागच्या बाकापर्यंत जातो, सगळ्यात शेवटी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि तोंडातून अक्षर न काढता परत येऊन घंटी देतो. नवखी माणसं दचकतात. कुणी हौशी खिडकीतून तोंड काढून दरीत हाक मारायला गेला, की हरिबा कोंढाळकर त्याचं मनगट धरतो.

हरिबाने ह्याच मार्गावर एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. आता पेन्शन खातो आणि सहलीच्या मंडळींना खोरं दाखवतो. माणूस फटकळ. उंबरमाळच्या हॉटेलांत सांगतात त्या भाकडकथा ऐकू नका, म्हणतो. डोंगराने फसवलं, प्रतिध्वनीने घात केला, सगळं झूट. डोंगर कशाला कुणाला फसवेल? त्याचं काय अडलंय? खरं काय ते मग तो सांगतो, आणि सांगताना खाली दरीकडे बघत नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा रस्ता नव्हता, रेल्वे तर नव्हतीच. ह्या कड्याला एका पावलाची वाट होती. एकाला दुसरा ओलांडून जाता येत नसे. ती वाट सुभाना वाटाड्याच्या ताब्यात होती म्हणे. ताब्यात म्हणजे काय, तर तो पुढे चालला तरच लोक मागून चालत. वाटेचे नियम त्याच्या बापाने घालून दिलेले. प्रत्येकाने पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची, मागे वळायचं नाही. कड्यावर कुणी किंचाळायचं नाही, कारण एक किंचाळला की दहा वळतात आणि चार जातात. रांगेच्या शेवटी वाटाड्याच्या घरचंच माणूस हवं, परक्याचा जीव शेपटाला बांधायचा नाही. आणि दर वळणावर वाटाड्याने हाक द्यायची, शेवटच्याने ओ द्यायचा. ओ आला की सगळे आहेत.

शेवटी चालायची ती सुभानाची बायको, चिमा. तीस वर्षं चालली. तिला ही ओ देण्याची रीत कधीच पटली नव्हती. त्या दिवशी सकाळीही तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिने विषय काढला, की नुसत्या आवाजावर काय समजायचं, माणूस हाताला लागलं तर ते आहे म्हणावं. सुभाना हसला. म्हणाला, तुझा ओ मी झोपेतसुद्धा ओळखेन. तिने भाकरी त्याच्या पुढ्यात जरा जोरातच आदळली. तेवढंच भांडण. घरोघरी मातीच्या चुली, हे कुणाला चुकलंय?

मार्गशीर्ष होता, धुकं हाताला लागेल इतकं दाट. खालच्या सावऱ्याचं वऱ्हाड उंबरमाळला चाललं होतं, बावीस माणसं, नवरी मधोमध. मुहूर्त दुपारचा, आणि निघायलाच उशीर झालेला. मुहूर्त टळला तर उंबरमाळला नवऱ्याकडची माणसं लग्न मोडायला टपलीच होती. नवरीच्या बापाने सुभानाच्या पायावर पागोटं ठेवलं होतं. सुभानाने शब्द दिला आणि पाय उचलला.

ह्या वळणाअलीकडे चिमाच्या पायाखालचा दगड निसटला. ती दोन पुरुष उंचीएवढी खाली एका खडकावर पडली, कंबरेतून मोडली. तिच्यापुढे नवरीची चुलत आजी, कानाने अधू. तिला काही ऐकू गेलं नाही. धुक्यात प्रत्येकाची नजर पुढच्या टाचेवर. रांग पुढे गेली.

पुढच्या वळणावरून सुभानाने हाक दिली. ओ आला.

त्याच्या पुढच्या वळणावर दिली. आला, जरा खोल. तिसऱ्या वेळी तो आणखी बारीक आला, आणि इथे, सुभानाने स्वतःच पुढे कबूल केलं म्हणे, इथे त्याला खटकलं. क्षणभर त्याचं पाऊल थांबलं. मग त्याला वाटलं, धुक्याने आवाज दबतोय. वाटलं, सकाळचा राग अजून उतरला नसेल. मुहूर्त डोक्यावर बसलेला. त्याने पाऊल उचललं. चौथा ओ खिंडीच्या तोंडाशी आला, असून नसल्यासारखा. पण आला.

वर सपाटीवर उभा राहून त्याने धुक्यातून एकेक माणूस बाहेर येताना पाहिलं. नवरी आली, करवल्या आल्या, शेवटी चुलत आजी काठी टेकत आली. आजीच्या मागे धुकंच होतं. त्याने वाट पाहिली. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, मागं कोण होतं बाबा, मला कसं दिसणार? लोकांनी त्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधायला घेतला, तो तसाच अर्धा सोडून सुभाना खाली पळाला.

ती जिवंत होती, ह्याचं हरिबाला अजून वाईट वाटतं. मेलेली सापडली असती तर डोंगराच्या माथी मारता आलं असतं. सुभाना मुळ्या धरून उतरला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने डोळे उघडले.

"ओ देत होते की मी," ती म्हणाली.

तो म्हणाला, अगं, ओरडायचं होतंस.

"वाटेवर ओरडायचं नाही. पोरगी होती रांगेत, नवी नवरी." मग दम लागला. दम सावरून म्हणाली, "आवाजावरून ओळखाल, वाटलं."

वर सनई वाजायला लागली होती, मुहूर्त गाठला होता. त्याने तिला पाठीशी बांधलं आणि चढायला घेतलं. वाटेवर पोचेपर्यंत तिचा हात त्याच्या गळ्याभोवती होता, तिथे तो सुटला.

वऱ्हाडाचा फेटा त्याने घेतला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी छिन्नी आणि हातोडा घेऊन तो ह्या कड्याला येऊन बसला. लोकांना वाटलं, खुळावला. बारा वर्षं तो कडा तोडत होता. पुढच्याला मागे जाऊन शेवटच्या माणसापर्यंत पोचता येईल, एवढी वाट रुंद झाली तेव्हाच थांबला. त्या वाटेवरून पहिली रांग गेली, तेव्हा तो पुढून मागे चालत आला, शेवटच्या हमालाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हमालाच्या देखत ढसाढसा रडला. ह्या वळणावर शेवटच्याला हात लागल्याशिवाय पाऊल पुढे पडणार नाही, असं त्याने सावरीचं पाणी हातात घेऊन सांगितलं. पुढे रस्ता करणारे आले, त्यांना अख्ख्या घाटात एवढीच जागा आयती रुंद मिळाली.

आजही कड्यावर छिन्नीचे घाव दिसतात, माणसाच्या खांद्याच्या उंचीला. आजही बस थांबते, आणि मागचं बाक रिकामं असलं तरी कंडक्टर त्याच्या दांड्याला हात लावून येतो. पलीकडच्या काठाने संध्याकाळची परतीची गाडी जाते, तेव्हा शेवटच्या डब्यातला गार्ड ह्या वळणासमोर हात बाहेर काढतो. शिट्टी नाही, झेंडी नाही, नुसता हात.

हाक मात्र इथे कुणी मारत नाही. एकदा सहलीतल्या एका बाईने हरिबाला विचारलं, हाक मारली तर काय होतं?

"ओ आला," तो म्हणाला, "तर खाली उतरावं लागेल. तुम्ही उतराल?"