हैबतीच्या पितळी कड्या

एका गावात हैबती कासार राहायचा आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मल्हारी कोष्टी. मागच्या साली मल्हारीच्या मुलीचं लग्न झालं. मांडवाचं छत बांधायला त्याने घराच्या बाहेरच्या दगडी भिंतीत लोखंडी कड्या बसवल्या. ऐन लग्नात वावटळ आली, पण छत जागचं हललं नाही. गावभर त्याचंच कौतुक झालं. ते ऐकून हैबतीचा नुसता जळफळाट व्हायचा. जेवताना त्या कड्या आठवल्या, की घास कडू लागायचा.

यंदा त्याच्या लेकीचं, चंद्राचं लग्न ठरलं. हैबतीने मल्हारीपेक्षा दुप्पट कड्या केल्या, त्याही चकचकीत पितळी, वर सिंहाची तोंडं. भिंतीत जाणारं टोक मात्र बोटभर. दगड कोरायला वेळ लागतो, म्हणून त्याने ती टोकं दगडांमधल्या मातीत ठोकली आणि वरून चुना फासला.

मल्हारीने ते पाहिलं. तो म्हणाला, "दादा, माझ्या कड्या दगड कोरून वीतभर आत घातल्यात. चुना पुरता सुकेपर्यंत हात लावला नाही. तुझा दोर त्यांनाच बांध की."

"माझ्या लेकीचं लग्न तुझ्या कडीवर? मग गाव नाव कुणाचं घेईल?" हैबती फणकारला.

लग्नाच्या दिवशी सिंह बघायला गर्दी झाली. हैबती मिशीला पीळ देत ज्याला त्याला कड्या दाखवत होता. लेकीजवळ घटकाभर बसायचंही त्याला सुचलं नाही.

मग वारा सुटला. छत फुगलं आणि एकेक सिंह मातीसकट भिंतीतून बाहेर आला. हैबतीने धावत जाऊन दोर पकडला. सोडला असता, तर छत नवरानवरीच्या डोक्यावर आलं असतं. भिंतीला पाय रोवून तो तसाच उभा राहिला.

भटजींनी विचारलं, "कन्यादानाला मुलीचे वडील कुठे आहेत?"

चंद्राने मान वळवून बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. हैबतीला जागचं हलता येईना. हातभर अंतरावर मल्हारीची कडी होती, आणि आजही ती बघून त्याचा जीव जळत होता. पण लेक वाट बघत होती.

"मल्हारी, एवढा दोर बांध रे तुझ्या कडीला," तो शेवटी म्हणाला.

मल्हारीने दोर हातात घेतला आणि गाठ मारली. "जा, पोर खोळंबलीय," एवढंच तो बोलला.

तात्पर्य: हेवा करणाऱ्याला दुसऱ्याच्या भिंतीवरची कडी दिसते, ती आत किती खोल गेली आहे, ते दिसत नाही.