ग्लेंडासाठी गोधडी

"तिच्यातच असं काय होतं, आजी? माझ्यात काय कमी होतं?"

डार्लीननं कात्री टेबलावर आपटली. लवीना आजी सुईत दोरा ओवत होत्या. ऐंशीच्या डोळ्यांना त्याला वेळ लागतो.

अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावरची ही लकोटा आदिवासींची राखीव वसाहत. इथल्या निम्म्या बायका आजींच्या हाताखाली गोधडी शिकल्या. शंकरपाळ्यांसारखे तुकडे जोडून मोठी चांदणी करायची आणि ज्याचा मान करायचा, त्याच्या खांद्यांवर ती सगळ्यांदेखत पांघरायची. टाका बघून इथे बाई ओळखतात. डार्लीन म्हणजे आजींची सगळ्यांत तरबेज शिष्या. हे डार्लीनलाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

गेल्या हिवाळ्यात शहरातून माहितीपटवाले आले. इथल्या बायका कशा तगून राहतात, ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी निवडलं ग्लेंडाला. आता शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये माहितीपट, आणि मग ग्लेंडाचा मान. तिची गोधडी शिवायला आजींनी नेमकं डार्लीनलाच सांगितलं होतं.

तेव्हापासून डार्लीनच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"नळ गोठले की तेरा हिवाळे मी पाणी वाहतेय. दोन लेकरं, अंथरुणाला खिळलेला बाप, सगळं एकटीनं. माझ्या दारात आला का कुणी कॅमेरा घेऊन? आणि ती? त्या कॅमेरावाल्यानं सांगितलं म्हणून एकच बादली चार वेळा आणली!"

"चार वेळा?"

"चार वेळा!"

"मग दमली असेल बिचारी."

डार्लीननं नाक मुरडलं.

"गोधडी झाली?" आजींनी विचारलं.

"झाली."

"दाखव."

डार्लीननं गोधडी टेबलावर पसरली, पण स्वतः मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. काल चांदणीच्या मधोमध तिनं मुद्दाम टाके लांब आणि सैल घातले होते. उसवू दे शनिवारी, ग्लेंडाच्या पाठीवर, साऱ्या गावासमोर. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण जळफळाट लाजेला बोलू देत नव्हता.

आजींची बोटं कडेकडेनं फिरत मध्यावर आली. तिथे थांबली.

"उभी राहा, ताकोजा." नातवंडाला इकडे अशीच हाक मारतात.

डार्लीन उभी राहिली. आजींनी ती गोधडी उचलली आणि अगदी मानानं पांघरावी तशी तिच्याच खांद्यांवर पांघरली. इतक्या गोधड्या शिवल्या, पण डार्लीनच्या खांद्यांवर आजवर कुणी घातली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

मग आजींनी दोन्ही टोकं पुढे ओढली. करकचून.

पाठीमागे टर्रकन आवाज झाला.

"आजी... मी..."

आजींनी ओवलेली सुई तिच्यापुढे धरली.

"दिसायचंच असेल तर राहू दे तशी. शनिवारी सगळ्यांना तूच दिसशील."