डोंगऱ्या मराठी शिकतो

ताटातलं जेवण निवत चाललं होतं आणि दरबारातली फिर्याद काही संपत नव्हती! फिर्यादी तेलुगूत बोलायचा, ते एक दुभाषी मराठीत सांगायचा. प्रतिवादी गोंडीत उत्तर द्यायचा, मग दुसरा दुभाषी पुढे सरकायचा. चांदणगडचा राजा वीरभान आधीच तापट, त्यात उपाशी. त्याने तिथल्या तिथे लेखी हुकूम काढला. दसऱ्यापासून सरकारी कामात फक्त मराठी चालेल. दुसऱ्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की चाकरी गेली, आणि फिर्याद असेल तर तीही गेली. राज्यात मराठी बोलणारे जेमतेम तिसरा हिस्सा. पण खुद्द राजाला मराठी येत होती, त्यामुळे बाकीचा विचार करायची गरज कुणालाच वाटली नाही.

गरज वाटली ती सोमारीला. सोमारी राजाच्या हत्तीची माहुतीण. बापामागून हे काम तिच्याकडे आलं होतं, आणि डोंगऱ्या हत्ती तर तिच्याच हातचा ऊस खाऊन वाढलेला. रानातून आला तेव्हापासून त्याच्याशी सगळे गोंडीतच बोलत. चाल आणि थांब तो कानामागे लागलेल्या टाचेवरून ओळखायचा, पण बसायचा मात्र शब्दावरच.

सोमारी दरबारात गेली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, मला मराठी येते जी. हत्तीला येत नाही."

"मग शिकव," राजा म्हणाला. "माणसं शिकतील तर हत्तीला काय धाड भरली? माझ्या राज्यात सगळ्यांना एकच न्याय. आठ दिवस देतो. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो मराठी समजला नाही, तर हत्ती दुसऱ्या माहुताकडे जाईल आणि तू गावाकडे."

प्रधान तिमाजीपंत मिशीतल्या मिशीत हसले. सोमारी तडक हत्तीखान्यात आली. डोंगऱ्यावाचून गावाकडे जाऊन ती करणार काय? त्याच्या पायाशी बसून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून शिकवायला लागली. रोज सकाळी ती त्याच्यापुढे उभी राही आणि स्पष्ट मराठीत सांगे, "बैस." डोंगऱ्या मान डोलवी, सोंडेने तिची ओढणी हुंगी आणि उभाच राही. सातव्या दिवशी पंतांनी प्रगती विचारली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "शिकला जी. परीक्षा महाराजांनीच घ्यावी, अंबारीत बसून."

दसरा उजाडला. वाड्यातल्या उंच चौथऱ्यावरून राजा थेट अंबारीत चढला, सोमारी मानेवर बसली आणि मिरवणूक वाजतगाजत शिवेवरच्या आपट्याच्या झाडापाशी आली. पूजेचा मुहूर्त घटकाभराचा. इथे चौथरा नव्हता. हत्ती बसेल तेव्हाच राजा उतरणार.

"बैस, डोंगऱ्या," सोमारी म्हणाली. डोंगऱ्याने मान डोलावली.

राजाने स्वतः फर्मावलं. डोंगऱ्याने अधिकच अदबीने मान डोलावली. खाली पुरोहित सारखे सूर्याकडे बघत होते. पंतांनी शिडी आणायला शिपाई पिटाळला. शेजारीच तेलुगू साळ्यांची वस्ती होती, तिथे माळ्यावर चढायला घरोघरी शिड्या! पण शिपाई हात हलवत परत आला.

"सरकार, दारोदार मराठीत शिडी मागितली. सगळे मान डोलावतात, पण जागचं कुणी हलत नाही. काय हवंय म्हणून विचारतील तर कसे? सरकारी कामात तेलुगू शब्द काढला की गुन्हा!"

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "सोमारी, तुझा हत्ती काहीएक शिकलेला नाही!"

"शिकला जी, महाराज," सोमारी मागे वळून म्हणाली. "तुमची बाकीची प्रजा शिकली, अगदी तितकंच शिकला. हुकूम ऐकला की मान डोलवायची आणि उभं राहायचं. महाराजच म्हणाले होते, सगळ्यांना एकच न्याय."

पंतांनी डोळे मिटून घेतले. राजाने खाली पाहिलं, जमीन फार लांब होती. मग साळ्यांच्या वस्तीकडे पाहिलं, तिथे अजून काही जण भाबडेपणाने मान डोलवत होते. आणि राजाला हसू फुटलं. तो इतका हसला की अंबारीच्या घंटा वाजायला लागल्या.

"हुकूम रद्द!" तो डोळे पुसत म्हणाला. "आता तरी तुझ्या भाषेत सांग त्याला आणि उतरव मला."

सोमारीने फक्त हात जोडले.

"आता काय राहिलं?"

"महाराजांनी रद्द केला तो मराठीत जी. ज्यांना मराठी कळत नाही, त्यांना तो रद्द झालेला तरी कसा कळणार? ज्याच्या त्याच्या भाषेत सांगावं लागेल. सुरुवात या हत्तीपासून करावी."

राजाने कपाळावर हात मारला आणि पुन्हा खो खो हसला. सोमारीने बसायचा गोंडी शब्द हळूच त्याला सांगितला. राजाने तो मोठ्यांदा उच्चारला. उच्चार पार वाकडा होता, पण डोंगऱ्याने चालवून घेतला आणि ऐटीत खाली बसला. मुहूर्त टळायला दोन पळं उरली होती.

पूजा झाल्यावर राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं सोमारीच्या हातात घातलं आणि डोंगऱ्या जन्मभर तिच्याच स्वाधीन केला. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषांत दवंडी फिरली, दरबारात दोन्ही दुभाषी आपापल्या जागी बसले. आणि तिमाजीपंतांना हुकूम झाला की रोज सकाळी हत्तीखान्यात जायचं, आणि डोंगऱ्या बसेपर्यंत गोंडी शिकायची!