वेशीवरचा उंबरा

पाव्हणं, जरा वाकून या. हरणोळीच्या वेशीत हे जे सागवानी दार उभं आहे, ते वेशीचं नव्हे, घराचं आहे. चौकट बघा, जेमतेम साडेतीन हात. खाली उंबरा, त्यावर हळदकुंकू. गाड्या बाजूच्या कमानीतून जातात, पण पायी येणारा माणूस, मग तो केवढाही मोठा असो, हाच उंबरा ओलांडून गावात येतो. हे असं का, ते आमचे जुने लोक सांगत आले, तसंच सांगतो.

फार वर्षांपूर्वी या गावात शेषाप्पा चितारी राहत होता. तरुणपणी तो चालत तंजावरला गेला, म्हणे, आणि बारा वर्षं गुरूच्या घरी राहून सोन्याच्या वर्खाची चित्रं करायला शिकला. फणसाच्या फळीवर कापड डकवायचं, खडूच्या पुडीत चिंचोक्याची खळ कालवून देवाचे दागिने उठावाचे करायचे आणि त्यांवर वर्ख बसवायचा. वर्ख इतका पातळ, की शेजारी कुणी उसासा टाकला तरी उडून जावा. निरोप देताना गुरूनं त्याला शपथ घातली, "ही विद्या तुझ्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. गेली तर सोनं काळं पडेल." शेषाप्पानं आनंदानं शपथ घेतली. घर लेकराबाळांनी भरेल असं तेव्हा त्याला वाटत होतं.

ते भरलं नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही. भोवतालच्या देवळांत त्याची चित्रं झळकली, पण घरात तो एकटाच. सत्तरी ओलांडली आणि नेमकं गावदेवी जोगाईचं मोठं चित्र नवरात्राआधी पुरं करायचं असताना त्याचे हात कापू लागले. वर्खामागून वर्ख फाटू लागले.

त्याला चिंचोके आणून देणारी गिरजाक्का म्हणून एक बाई होती. धान्य पाखडण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. एके सकाळी ती चिंचोके घेऊन आली, तेवढ्यात शेषाप्पाच्या हातून वर्ख निसटला आणि तरंगत दाराकडे निघाला. गिरजाक्का झेपावली नाही. श्वास धरून तिनं फक्त तळवा त्याच्याखाली नेला, त्याला अलगद बसू दिलं आणि तसाच तो कागदावर परत ठेवला. कुठं चुणीसुद्धा नाही!

म्हातारा बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गिरजे, तुझ्यासारखा हात मी तीस वर्षं शोधतोय. पण तुला शिकवता येत नाही."

"का वं आप्पा?"

त्यानं शपथेची हकिगत सांगितली. "तू शिकून आपल्या घरी जाशील, म्हणजे विद्या उंबऱ्याबाहेर गेलीच की."

गिरजाक्कानं वळून दारातला उंबरा नीट न्याहाळला. मग म्हणाली, "विद्या जाग्यावरनं हलाय नगं ना? मग उंबरा हलवा की! न्या त्यो येशीवर. समदं गाव तुमच्या घरात!"

शेषाप्पा आधी रागावला, मग विचारात पडला, आणि मग इतका हसला की समोरचे उरलेले वर्खही उडाले. दुसऱ्याच दिवशी सुतारानं चौकट उखडली. गावचे पाटील म्हणाले, घराचं दार काढणं अशुभ. गिरजाक्का म्हणाली, "काढतोय कोण? घर वाढवतोय." हलगी लावून, गुलाल उधळत गावानं ते दार खांद्यावरून इथवर आणलं. शेषाप्पानं स्वतः उंबऱ्याची पूजा केली.

त्याच दिवशी गिरजाक्कानं जोगाईच्या मुकुटावर पहिला वर्ख बसवला. पण म्हाताऱ्याच्या मनातली भीती गेली नव्हती. आपण गुरूला फसवलं तर नाही? सोनं काळं पडलं तर? तीन दिवस तो चित्राकडे पाठ करून बसला. जेवण तिथंच, देवाचं नावही तिथंच. चौथ्या दिवशी सकाळी गिरजाक्का म्हणाली, "आप्पा, आता वळा. न्हाईतर देवीच उठून समोर येऊन बसंल."

तो वळला. मुकुट उन्हात असा झळाळत होता, की त्याला डोळ्यांवर हात धरावा लागला. त्यानं तंजावरच्या दिशेला तोंड करून लोटांगण घातलं.

पुढं तो नऊ वर्षं जगला. हातात वर्ख धरवत नसे, पण डोळे मिटून शिकणाऱ्यांचा श्वास ऐके आणि "घाई झाली," म्हणे, की खरोखर पुढचा वर्ख फाटे. तेली, कोष्टी, कुंभार, गुरव, सगळ्यांची पोरं-पोरी त्याच्याकडे शिकली. त्याच्या दार नसलेल्या घरात दिवसभर इतकी ये-जा असे, की दार असतं तरी लावायला सवड मिळाली नसती.

आजही बाहेरगावचं कुणी शिकायला आलं, तर आमच्या चितारशाळेत त्याला आडनाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. विचारतात एवढंच, "जेवलास का?" आणि तो संकोचानं "नाही" म्हणाला, की म्हणतात, "मग बसलास काय पाव्हण्यासारखा? ऊठ, पानं मांड सगळ्यांची."