सुभानाच्या घरचं जातं

गप पडा आता. मधेच पाणी मागायचं नाही.

एक होता पाथरवट. नाव सुभाना. डोंगराखाली त्याचं घर, डोंगरावर त्याची दगडाची खाण. तो दळायची जाती घडवायचा. आणि दळून दळून जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावायचा. म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खरखरीत करायचा, बरं का. नाहीतर दाणा नुसता घसरतो, पीठ पडत नाही. टाकी लावावी तर सुभानानेच, असं सगळे म्हणत. राजाच्या मुदपाकखान्यात बारा जाती होती. तिथेही सुभानाच लागायचा. मिशीला पीळ देऊन जायचा.

त्याची बायको गोजरा. रोज दुपारी ती भाकर घेऊन खाणीवर यायची. एकदा काय झालं, तिला उशीर झाला. सुभाना वरूनच ओरडला, "सूर्य कलला! रांगत येतेस का?"

मग गोजरा पळायला लागली. पाय घसरला. भाकर एकीकडे, गोजरा एकीकडे. मांडीचं हाड मोडलं.

सुभानाने तिला पाठीवर घरी आणलं. हाडं बसवणारी चिमाक्का आली. तिने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. मग वरून ताप चढला. नऊ दिवस राहिला. उतरला तेव्हा गोजराच्या तोंडाची चव घेऊन गेला.

सुभानाने खाण सोडली, घर धरलं. गोजराला कुशीवर वळवायचा. पाठीला तेल लावायचा. वेणीसुद्धा घालायचा. हसू नका. गाडीवर दगड बांधतात ना, तशी गाठ पडायची.

गोजरा म्हणायची, "धनी, धोंडा नाही मी."

"धोंडा बरा. हलत नाही," सुभाना म्हणायचा.

पण खाणं काही तिच्या पोटात जाईना. शेजारणीने पेज आणली. जिभेला लागली, तिची माती झाली. पाटलीणबाईंनी शिरा दिला. माती. देवळातून प्रसाद आला. त्याचीही माती. सुभानाने तिच्या तोंडातून ती बोटाने काढली आणि चिमाक्काला पुन्हा बोलावलं.

चिमाक्काने गोजराचं मनगट धरून पाहिलं. सुभानाला बाहेर बोलावलं. म्हणाली, "हाड जुळतंय रे. बाई जातेय."

"मग करू काय?"

"हिला हिच्याच जात्याचं पीठ चालेल, दुसऱ्या कुणाचं नाही. तू दळ. नाचणी दळ आणि आंबील कर. तीन दिवसांत पोटात गेली तर गेली. नाहीतर मला बोलावू नकोस."

पहिल्या सकाळी सुभाना जात्याशी बसला. त्याने सूपभर नाचणी घातली. दुपारपर्यंत दळलं. खांदे भरून आले. बाहेर काय पडलं? अख्खी नाचणी. सुभाना म्हणाला, "दाणाच वाईट."

तर जातं बोललं. हो, जातं. "दाणा चांगला आहे," म्हणालं.

दुसऱ्या सकाळी त्याने जात्याचा खुंटा बदलला. बाभळीचा नवा ठोकला. पुन्हा दळलं. पुन्हा अख्खी नाचणी. सुभाना म्हणाला, "खुंटाच वाईट होता."

जातं म्हणालं, "जुनाही चांगला होता."

तिसरी सकाळ उजाडली. गोजराने डोळे उघडले नाहीत. मग सुभाना जात्यापुढे उकिडवा बसला. "दोष कुणाचा ते तरी सांग," म्हणाला.

"मला उलथून बघ."

त्याने वरचा दगड उलथला. आत दगड कसा होता? आरशासारखा. त्यात सुभानाला आधी आपली मिशी दिसली. मग मिशी पुसली गेली आणि गोजरा दिसली. पहाटे दळतेय. तेच पीठ दुसऱ्यांदा घालतेय. तिसऱ्यांदा घालतेय. खुंटा या हाताचा त्या हाताला घेतेय. मग घाईने भाकरी थापतेय. मग पळतेय. मग वरून कुणीतरी ओरडतंय.

सुभानाने दगड खाली ठेवला. आत गेला.

"मला सांगितलं का नाहीस?"

गोजराने डोळे न उघडताच उत्तर दिलं. "जात्याला टाकी लावा, असं तीनदा सांगितलं. एकदा म्हणालात, पाटलांचं होऊ दे. एकदा म्हणालात, देवळाचं होऊ दे. एकदा म्हणालात, राजाचं होऊ दे. मग नाही सांगितलं."

सुभाना उठून बाहेर आला.

त्याने टाकी काढली, हातोडी काढली. अंगणात बसला. तेवढ्यात राजाचा घोडेस्वार आला.

"सुभाना, चल. राजवाड्यातली बाराही जाती अडलीत."

"आज नाही."

"राजाला काय सांगू?"

"सांग, सुभानाच्या घरचं जातं तेरावं नाही. पहिलं आहे."

"डोकं जाईल तुझं!"

"जाऊ दे. आंबील झाल्यावर."

स्वार गेला. सुभाना ठोकत राहिला. टक, टक, टक. घरात गोजराने डोळे उघडले आणि कान दिला. तो आवाज तिने गावभर ऐकला होता. आपल्या अंगणात पहिल्यांदाच ऐकत होती.

ऊन उतरायच्या आत सुभानाने दळलं. पीठ पडलं, बरं का. राखेसारखं मऊ. त्याने आंबील केली. गोजराची मान हातावर घेतली आणि वाटी ओठाला लावली. श्वास धरून बसला.

गोजराने एक घोट घेतला. गिळला. मग तोंड वाकडं केलं.

"मीठ कुणी घालायचं?" म्हणाली.

सुभाना उठला. मिठाचा खडा आणायला गेला तो चुलीपाशी बराच वेळ लागला त्याला. धूर गेला डोळ्यांत. चूल विझलेली होती, ते सोडा.

राजाने तीन दिवस भात खाल्ला. मेला नाही. चौथ्या दिवशी त्याने स्वतः बाराही जाती बैलगाडीत घालून सुभानाच्या अंगणात पाठवली.

गोजरा लगेच उठली नाही. हाड आपल्या वेळेनेच जुळतं. आधी बसली. मग भिंतीला धरून उभी राहिली. मग काठी घेऊन दारापर्यंत आली. थोडी लंगडायची, ती कायमचीच. पुढे दर अमावास्येला सुभाना टाकी घ्यायचा, ती आधी घरच्या जात्याला लावायचा, मग खाणीवर जायचा. आणि दुपारी भाकर खायला स्वतः खाली यायचा. दोघं खूप वर्षं जगली. रोज भांडली, रोज जेवली.

जातं आता झाकून ठेवलंय. तुम्हीही पांघरूण ओढा. झोपा.