बुधाईचा ओटा

रोपं सावलीत ठेवा. टोप्या छान आहेत तुमच्या, सगळ्यांच्या एकाच रंगाच्या. पाणी प्या, दम खा, आणि मग एकदा मान वर करून त्या झाडाकडे बघा.

तो ऐन. या डोंगरावर तेवढं एकच जुनं झाड आहे, आणि ते ओट्यावर उभं आहे. ओटा पुरुषभर उंच, वर दहा माणसं दाटीवाटीनं बसतील एवढा. येणारे पाहुणे विचारतात, इतक्या वर हा ओटा बांधला कुणी? कुणी नाही बांधला. कडेचे दगड तेवढे माणसाच्या हातचे आहेत, आतली माती पहिल्यापासून आहे तिथंच आहे. एके काळी सगळा डोंगर त्या उंचीला होता म्हणे. ओटा वर आला नाही, डोंगर खाली गेला.

मी खेवजी गभाले. याच आंबेघोळचा. ही हकिगत मला माझ्या आजानं सांगितली, त्याला त्याच्या आजानं. खरी किती आणि खोटी किती ते मला विचारू नका. ओटा खरा आहे, वाटलं तर हात लावून बघा.

असं सांगतात की त्या काळी हा डोंगर ऐन, हिरडा, जांभूळ यांनी नुसता भरलेला होता. चालताना पाय घोट्यापर्यंत पाल्यात जायचा. भर वैशाखातही वरचा झरा आटत नसे. गावाची भाताची खाचरं खाली होती आणि राब या डोंगरावर अवलंबून होता. राब म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक असेल नसेल, म्हणून सांगतो. भाताचं रोप जिथं करायचं ती जागा आधी फांद्या आणि पाला पसरून भाजून घ्यायची. तण मरतं, राख मिळते, रोप जोमानं येतं. आमच्या वाडवडिलांची ती रीत. त्या रीतीला लगामही होता. फांद्या खालच्या तोडायच्या, झाडाचा शेंडा तोडायचा नाही. आज तोडलेल्या झाडाला पुढची दोन वर्षं हात लावायचा नाही. आणि रानात गळून पडलेला पाला रानाचा, तो उचलायचा नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्यात लहान लेकरं जाळत नाहीत, पुरतात. या रानातली माती मऊ, झाडाची सावली दाट, म्हणून गावातली गेलेली लेकरं तिथंच ठेवायचे. बुधाईची मंजी त्या ऐनाखाली होती. तीन वर्षांची पोर, तापानं गेली. बुधाईचा नवरा त्याच्या आधीच गेला होता. तिला दुसरं कुणी नव्हतं.

बुधाईचा दीर लुमाजी, गावचा पाटील. तो वाईट माणूस होता असं मला कुणी सांगितलं नाही. वाईट माणसाचं गाव ऐकत नाही हो, चांगल्याचं ऐकतं आणि फसतं. लुमाजी कष्टाळू होता, डोकेबाज होता. एका वर्षी त्यानं दुप्पट राब भाजला. रोप असं काळंशार आलं, की बांधावरून जाणारा थांबायचा. भात घरात मावेना. पुढच्या वर्षी सगळ्या गावानं दुप्पट भाजला. त्याच्या पुढच्या वर्षी लुमाजीनं तिप्पट.

फांद्या पुरेनात, म्हणून शेंडे तोडले. शेंडे संपले, म्हणून पाला झाडून नेला, जमीन लोटून काढावी तसा. शेंडा गेलेली झाडं वाळली. वाळलीच आहेत तर ठेवायची कशाला, म्हणून तीही तोडली. मग उतार मोकळा झाला आणि मोकळी जमीन बघून कुणाचे हात स्वस्थ बसतात? नांगर लावून नाचणी पेरली, वरई पेरली, पार माथ्यापर्यंत. नांगर चालवला तोही उताराच्या दिशेनं, वरून खाली, कारण बैलांना तसं सोपं जातं. तीन वर्षं कणग्या ओसंडल्या. गावात तीन वर्षांत बारा लग्नं झाली म्हणे. अति तिथं माती म्हणतात. आमच्याकडे अति झालं आणि मातीसुद्धा राहिली नाही.

बुधाई तेवढी आडवी आली. तिला झाडांचा पुळका होता असं समजू नका. तिचा जीव होता मंजीत. ऐन तोडायला माणसं आली तेव्हा ती बुंध्याला पाठ लावून बसली, मांडीवर कोयता. लुमाजी म्हणाला, "बाईचं डोकं फिरलंय. येक झाड सोडा." त्यांनी एक सोडलं. तिनं त्या झाडाचा पाला कुणाला उचलू दिला नाही. भोवतीनं दगड रचले. पावसात कुठं चर पडला की लगेच दगड आणि ढेकळं घालून बुजवायची. खालून वर दगड वाहणारी ही बाई बघून बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना शेक लागतो.

चौथ्या वर्षी आषाढात झड लागली. सात दिवस पाऊस थांबला नाही. असे पाऊस पूर्वीही पडले होते, पण पूर्वी पाऊस पानांवर पडायचा, मग पाल्यावर, मग मातीत मुरायचा. आता तो थेट नांगरलेल्या मातीवर पडला. आठव्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि लोकांनी बघितलं, तर खाचरांत गुडघ्याएवढा मुरूम आणि गोटे. रोप नाही, बांध नाही, कुणाचं खाचर कुठलं तेही कळेना. वर बघितलं तर डोंगराची हाडं निघालेली. ज्या आयांनी तिथं लेकरं ठेवली होती त्या वर पळाल्या. त्यांना काय दिसलं, ते माझ्या आजानं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही तुम्हाला सांगणार नाही.

मधोमध हा ओटा उभा होता. वर ऐन, ऐनाला टेकून बुधाई. सात दिवस ती दगड सरकवत होती, चर बुजवत होती. बोटांना नखं उरली नव्हती.

ते वर्ष गावानं कंद खाऊन काढलं. काही घरं उठून गेली. पुढचा वैशाख आला, राब भाजायचे दिवस आले. उपाशी राहून जपलेलं बी घरात होतं, पण रोप करायला माती नव्हती. सगळ्या शिवारात काळी, मऊ, ओल धरणारी माती एकाच जागी उरली होती, आणि ती कुठं हे सगळ्यांना दिसत होतं. लुमाजी कुदळ घेऊन वर आला. मागं गडीमाणसं, हातात पाट्या.

"वयनी," तो म्हणाला, "धा पाट्या माती द्या. गावाचं रोप हुईल. नायतर पोरं मरतील."

बुधाई नाही म्हणाली नाही. ती उठून बाजूला झाली.

"खणा भावजी. पर जपून. मपली मंजी हितं हाये, बुंध्याच्या उगवतीला, हातभर खाली. मला ठाव हाये, म्हून सांगते." मग तिनं विचारलं, "तुमची दोगं कुठं हायेत?"

लुमाजीनं दोन मुलगे त्या रानात ठेवले होते. त्यानं वळून डोंगराकडे बघितलं. सगळीकडे कातळ. मग खाली ओढ्याकडे बघितलं, ओढ्याच्या पुढं नदीकडे बघितलं.

"पाणसऱ्याला," शेवटी तो म्हणाला, आणि कुदळ खाली ठेवली.

पाणसरे हे खालचं गाव. नदी तिथं वळण घेते आणि वरून आलेलं सगळं त्या वळणावर टाकते. आमच्या डोंगराची माती तिथं कंबरभर साचली होती आणि पाणसऱ्याच्या लोकांनी तिच्यात पेराही करून घेतला होता. आयत्या बिळावर नागोबा. पण त्यांचा तरी काय दोष? माती त्यांनी आणली नव्हती, आम्ही पाठवली होती.

लुमाजी सगळ्या गावाला घेऊन तिथं गेला आणि माती मागू लागला. तिथला पाटील हसला.

"तुमची माती? वळखा आन् न्या की. हात लावून सांगा, कंची तुमची आन् कंची नदीची."

लुमाजीनं डोक्याचं मुंडासं काढून त्याच्या पायाशी ठेवलं. "वळखाया येत न्हाई, पाटील. पर तिच्यात मपली दोन लेकरं हायेत."

मग मात्र कुणी हसलं नाही. पाणसऱ्याच्या पाटलानं आपल्या माणसांशी विचार केला आणि सांगितलं, घरटी एक पाटी न्या. दर वर्षी पावसाच्या आधी या, दर वर्षी घरटी एक पाटी. जास्ती नाही. दया आली, पण ती एका पाटीपुरतीच. मला विचाराल तर तेवढीही पुष्कळ झाली. आम्ही असतो तर दिली असती का, शंका आहे.

डोक्यावर पाट्या घेऊन माणसं चढणीला लागली. अर्धा दिवस चढण. ओट्याच्या आडोशाला त्या मातीत रोप करायचं, जेवढं होईल तेवढं, असं ठरलं होतं. वर पोचले तर बुधाई ओट्याच्या पायथ्याशी आडवी झालेली. झडीनंतर तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं आणि वर्षभर तिच्या घरची चूल धड पेटली नव्हती. जायच्या आधी ती एवढंच बोलली म्हणे, "मला वर ठिवू नका. खणलं का माती सुटती."

तिला ठेवायला माणसं जागा शोधू लागली. जिथं टिकाव मारावा तिथं खण्ण करून वाजे. सगळा डोंगर फिरले. ज्या बाईनं माती राखली, तिला झाकायला आख्ख्या डोंगरावर हातभर खोल माती नव्हती.

मग त्यांनी तिला ओट्याच्या पायथ्याला कातळावरच निजवलं. भोवती दगड रचले. लुमाजीनं डोक्यावरची पाटी तिच्यावर ओतली. त्याच्या मागून एकेका घरानं ओतली. रोपासाठी आणलेली माती होती ती. त्या वर्षी आंबेघोळला भात लागला नाही.

तेव्हापासून ही रीत पडली. दर वर्षी पावसाच्या तोंडावर प्रत्येक घरानं पाणसऱ्याहून एक पाटी माती आणायची, बुधाईवर घालायची, पाल्यानं झाकायची आणि पुढं एक दगड लावायचा. वाटेत बोलायचं नाही. शेंडा तोडायचा नाही, पाला उचलायचा नाही, हे तेव्हापासून पुन्हा कुणाला सांगावं लागलं नाही. अक्कल आली, पण वरातीमागून घोडं.

किती पिढ्या झाल्या, मला मोजता येत नाही. ओट्याच्या खाली तो हिरवा उतार दिसतो ना, तो सगळा पाट्यांनी आणलेला आहे. आधी गवत आलं, मग कारवी आली. नंतर ऐनाचं बी पडून आपोआप झाडं उठली, आता ती तेरा आहेत. ती कुणी लावली नाहीत. मी लहान असताना माझ्या आजानं मातीच्या कडेला दगडावर खूण केली होती. आज माती त्या खुणेच्या वर आली आहे. एक वीत. माझ्या सगळ्या आयुष्यात एक वीत.

मागच्या वर्षीही असेच पाहुणे आले होते, त्यांच्या टोप्या हिरव्या होत्या. माळ दिसला, मातीही दिसली, म्हणून त्यांनी त्या उतारावरच दोनशे खड्डे घेतले. फोटो काढले, जेवले, गेले. झाडं अशी आणली होती की ज्यांच्याखाली गवतसुद्धा उगवत नाही. आम्ही काही बोललो नाही, पाहुण्यांना काय बोलायचं? पहिल्या पावसात खड्डे भरले, खड्ड्यांचे चर झाले, आणि कित्येक वर्षांच्या पाट्या परत पाणसऱ्याला गेल्या. म्हणून या वर्षी मी आधीच येऊन बसलो आहे. तुम्ही हसा, पण खड्डा घ्यायच्या आधी त्याच्यात काय आहे ते विचारत जा.

आजही पाणसरेवाले घरटी एकच पाटी देतात. आमच्या गावात पंचेचाळीस घरं आहेत, पाटी उचलणारी नऊ उरली. आजही ओट्याशी उभं राहिलं की जुनी जमीन डोक्याच्या वर लागते आणि ती बघायला मान वर करावी लागते. आणि आजही आंबेघोळमध्ये लेकरू गेलं, तर त्याला ठेवण्याइतकी खोल माती आमच्याकडे नाही. पाणसऱ्याला जाऊन मागावी लागते. माझी पहिली मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली, ती तिथंच आहे, नदीच्या वळणावर. दर वर्षी माझी पाटी मी तिथूनच भरतो.