भरवशाचे वजन

बंदरात परदेशी तांब्याची गलबते लागली आणि माळगडात मोडीचा भाव धाडकन कोसळला. तुटकी भांडी, तांब्याचे कातरण, कोणी विचारीना. मोड घेणाऱ्यांनी एकामागून एक दारे लावून घेतली. दार उघडे राहिले ते एकट्या सटवाजी ओताऱ्याचे. तो तांबट आळीत येऊन सांगून गेला, "भाव पडला तेवढा माझाही पडणार. पण भट्टी चालू आहे. माल आणा."

मग नरसू शेट आला. त्याने वेशीजवळ वखार उघडली आणि दवंडी पिटली, "सटवाजीपेक्षा सवाई भाव!" आळी तिकडे धावली. एक घर तेवढे गेले नाही. आबा तांबटाची मुलगी येसू कातरणाचे पोते घेऊन सटवाजीकडेच जात राहिली. तिचे पाहून आणखी दोघेचौघे परत फिरले. नरसू शेट चिडला आणि थेट राजाकडे गेला.

माळगडचा राजा मनाने वाईट नव्हता, पण हट्टी होता. त्याने येसूला बोलावले.

"काय गं, सवाई भाव सोडून पडत्या भावात माल घालतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे महाराज, म्हणून तर सटवाकाकांना घालते. भरवशाचा माणूस आहे."

"भरवसा!" राजा उसळला. "भरवसा म्हणजे काय? खायचा की प्यायचा? त्याला वजन असतं का?"

"असतं तर!"

"असतं? मग उद्या भर बाजारात तराजूत घालून दाखव! नाही दाखवलंस तर सटवाजीची भट्टी विझलीच समज. आळीचं सगळं कातरण शेटजींकडे जाईल!"

येसूने घरी येऊन हे सांगितले, तसे आबा तांबटाने कपाळ बडवून घेतले. "असतं तर, म्हणे! जिभेला हाड आहे का तुझ्या? आज भरवसा तोलायचा, उद्या वारा मोजायला सांगतील!"

सटवाजी उंबऱ्याशी उभा होता. तो म्हणाला, "पोरी, जा, पाय धर राजाचे. दे माल शेटला. माझं काय, भट्टी विझली तर विझली."

"काका, बापजाद्यांपासूनची भट्टी ती. विझते कशी? तुम्ही उद्या बाजारात या आणि नेहमीसारखंच वागा. उगाच शहाणपणा करू नका म्हणजे झालं."

मग येसू वखारीसमोर जाऊन नरसू शेटचे तोलणे बघत उभी राहिली. घरी आली ती हसतच.

दुसऱ्या दिवशी बाजारात मुंगीला वाट नव्हती. मधोमध तराजू टांगला होता. येसूने तोंड शिवलेले पोते आणून ठेवले.

राजाने विचारले, "यात भरवसा आहे?"

"छे, महाराज! यात कातरण आहे. भरवसा शेटजी काढून देतील. शेटजी, घ्या तोलून!"

नरसू शेट खूश झाला. पोरीने हार खाल्ली! त्याने एका पारड्यात पोते ठेवले, दुसऱ्यात वजने रचली. काटा बरोबर मध्ये आला. मग त्याने बाह्या सरसावल्या.

"हे पोत्याचं," म्हणून एक लहान वजन त्याने खाली काढले. "ही मातीची घट." दुसरे काढले. "कळई लागलेलं असणार." तिसरे काढले. "आणि ओल तर असतेच!" हे चौथे वजन चांगले थोराड होते.

"अजून काढा ना शेटजी," येसू म्हणाली. "म्हणजे शेवटी मीच तुम्हाला पैसे देईन!"

बाजार खदखदून हसला. राजाने भुवई उंचावली. "शेटजी, पोतं न उघडताच घट?"

"धंदा आहे महाराज! आत काय भरलंय देव जाणे. घट धरावीच लागते."

"आता सटवाकाका," येसू म्हणाली.

वजने पुन्हा चढली. सटवाजीने पोत्याचे लहान वजन तेवढे काढले आणि हात जोडून बाजूला झाला.

"आणि माती?" राजाने विचारले.

"पोर झाडूनच भरते, महाराज," सटवाजी म्हणाला.

"कळई?"

"कळईचं वेगळं बांधते."

"अरे, मग उघडून तरी बघ!"

"इतकी वर्षं उघडलं नाही. आज उघडलं तर पोरीला काय वाटेल?"

राजाने स्वतः कट्यार काढली आणि टाके उसवले. आत लालभडक, कोरडे कातरण! मातीचा कण नाही, कळईचा ठिपका नाही.

येसूने शेटने मातीची, कळईची आणि ओलीची म्हणून काढलेली तिन्ही वजने उचलली आणि राजाच्या हातांवर ठेवली. राजाचे हात खाली गेले.

"शेटजींनी ही काढली, महाराज. काकांनी ठेवली. तराजू तोच, पोतं तेच. मधे हा जो फरक पडला, तो भरवसा. जड आहे का?"

"पण भाव माझा सवाई आहे!" नरसू शेट ओरडला.

"आहे की शेटजी! पण भाव लावायला तांबं कुठं ठेवलंत?"

राजा एवढा हसला की वजने हातातून निसटली. एक नरसू शेटच्या पायाजवळ आदळले, तशी त्याने टुणकन उडी मारली! त्यावर बाजार आणखी हसला.

"आजपासून राजवाड्यातली सगळी मोड सटवाजीच्या भट्टीत!" राजाने हुकूम सोडला. "आणि खजिनदार, या तीन वजनांच्या भारंभार चांदी या पोरीला द्या!"

खजिनदाराने चांदी आणली आणि थैलीचे तोंड बांधून येसूपुढे धरली.

"तोलून घे," राजा म्हणाला.

"कशाला महाराज? तुम्ही काय नरसू शेट आहात?"

राजा पुन्हा गडगडाटी हसला. "खजिनदार, सोडा ती गाठ! आणखी दोन मुठी घाला! हिनं न तोलता घेतली, आता कमी पडली तर माझी अब्रू जाईल!"